नाव मागे घेताना

चुबूत नदीच्या वरच्या अंगाला,
जिथं वारा माणसाच्या आधी उठतो
आणि माणूस झोपला तरी झोपत नाही,
एलिसेओ नावेलकीरला एक ओंडका सापडला.
ओंडकाच म्हणाला तो. दगड झालेला.
बारा वर्षं मेंढ्या त्याला अंग घासत होत्या,
एक कड त्यांनी तुळतुळीत करून ठेवली होती.
मग एका सकाळी, चुकलेलं कोकरू शोधता शोधता
तो तिथं टेकला,
आणि ओंडक्याला सांध्याचा गोळा दिसला.
मेंढ्या सोलण्यात हयात गेलेली,
सांधा ओळखायला पुस्तक लागलं नाही.
शेजारी आडवा झाला तो, टाचेपासून टोपीपर्यंत.
टोपीच्या वरही वीतभर हाड उरलं.

मी तेव्हा संग्रहालयात नवी होते.
ओला कागद, गोणपाट, प्लास्टर, पुन्हा गोणपाट.
मोडलेला पाय बांधावा
तसं दोन उन्हाळे आम्ही ते जनावर बांधत होतो.
पुढची नऊ वर्षं तळघरात, दिव्याखाली, हातात सुई.
शेपटीचा मणका: पुढून वाटी, मागून चेंडू.
"असा असला की टायटनोसॉर," इर्मा ग्वीलिम म्हणायची,
आणि चहात बुडवलेलं बिस्किट तसंच विसरायची.
मानेचे मणके आतून पोकळ, मधाच्या पोळ्यासारखे.
एवढी मान उचलायची
तर हाडांनाही श्वास घ्यावा लागतो.

मग तक्ता.
चारशे सहा प्रश्न, प्रत्येकाला एक घर.
खाच आहे? एक. नाही? शून्य.
दात पेन्सिलीसारखे की चमच्यासारखे?
डोकंच मिळालं नव्हतं.
लांब मानेवाल्यांचं डोकं क्वचितच मिळतं;
इतकं लहान, इतकं सैल बसवलेलं,
पहिल्या पुरातच निघून जातं.
तिथं प्रश्नचिन्ह. पुढच्या घरातही.
आमच्या ओळीत एकूण दोनशे एकोणसत्तर.
तरी संगणकानं झाड काढलं,
आणि एका फांदीच्या टोकाला आम्ही लिहिलं
नावेलकीरटायटन.

पालिकेनं तिठ्यावर पाटी लावली.
शाळेत मुलांनी मिल्यारायला, एलिसेओच्या नातीला, विचारलं
तू त्याची कोण?

या मार्चमध्ये एका परक्या मुलानं
मांडीच्या हाडाचा काप काढला, कागदाहून पातळ,
आणि भिंगाखाली ठेवला.
कडेला वाढ थांबल्याची रेघ नव्हती.
मणक्याची कमान बुडाशी अजून जुळली नव्हती,
ते तर मी स्वतः घासून काढलं होतं
आणि तडा समजून चिकटवलं होतं.
शेजारी, अल्तुनाच्या रानात,
चाळीस वर्षांपूर्वी निघालेल्या जनावराचं हे पोर.
ज्या सोळा फरकांवर आम्ही वेगळं कूळ उभं केलं
ते फरक नव्हते.
वय होतं.

नियम साधा आहे. आधीचं नाव राहतं.

सांगायला मीच गेले.
एलिसेओ कोकरांच्या कानांना खुणा करत होता.
डाव्या कानाला खाच ती त्याची,
उजव्याचं टोक उडवलेलं ती अल्तुनाची.
ऐकून घेतलं. सुरी पँटला पुसली.
"कानाला खूण नव्हती ना?"
नव्हती.
"मग झालं. बिनखुणेचं कोकरू आपल्या कुंपणात दिसलं
की माणूस आपलंच समजतो."
हसला. "अल्तुनाला कळवलंत?
तो आता चराईचे पैसे मागेल."
मग जरा वेळानं,
"केवढं होतं?"
दहा-अकरा वर्षांचं.
उताराकडे बघत राहिला,
जिथं आता नुसता खड्डा आहे आणि काटेरी झुडपं.
"एकटंच होतं?"

चारशे सहामध्ये हा प्रश्न नव्हता.
माहीत नाही, म्हणाले.
त्यानं पुढचं कोकरू गुडघ्यांत धरलं.

परतताना तिठ्यावर थांबले.
पाटी काढून आणा, असं पत्रात होतं.
पाना गाडीतच होता.
वारा पाटीला मागून ढुशा देत होता,
अक्षरांवरचा रंग खपलीखपलीनं सुटत होता.
बोल्ट गंजलेले आहेत,
एवढंच मी अहवालात लिहिलं.